टेक्सासचा पहिला उन्हाळा आणि वॉशिंग्टनची आठवण, मुलांना घेऊन कॅम्पिंगला कुठे जावं?

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी झालीये पण वाचा प्लीज.

आम्ही बरीच वर्षं वॉशिंग्टन स्टेटमध्ये होतो, सिएटलच्या थोडं वर, बॉथेलला. दोन्ही मुलं तिथेच जन्मली, मुलगी आता अकराची, मुलगा सातचा. नवऱ्याच्या नोकरीमुळे जानेवारीत ऑस्टिनजवळ लिएंडरला आलो. घर चांगलं मिळालंय, शेजार चांगला आहे, मराठी मंडळातली माणसं भेटलीत, तसं सगळं बरं चाललंय. पण मे संपायला आला आणि घरात सगळ्यांचाच मूड उतरलाय, कारण तिकडे याच दिवसांत आमचं तंबू बाहेर काढणं सुरू व्हायचं. मागच्या अंगणात तंबू उभा करून ऊन दाखवायचं, स्टोव्ह नीट पेटतोय का बघायचा, आणि मग डिसेप्शन पास, लेक वेनॅची, ऑर्कस बेटावरचं मोरन स्टेट पार्क. फेरी बोटीच्या रांगेत गाडी बंद करून थर्मासमधला चहा पीत बसायचं. जुलैत रात्री साडेनऊला पण उजेड असायचा, मुलं झोपायला तयार नसायची, आणि उन्हाळा असून अंगात स्वेटर. गरम खिचडी आणि वर तूप, तीसुद्धा देवदारांच्या खाली बसून. ऑगस्टमध्ये रस्त्याच्या कडेला ब्लॅकबेरी इतक्या लागायच्या की मुलांचे हात आठवडाभर जांभळे.

इथे सगळे म्हणतात उन्हाळ्यात कॅम्पिंग विसरा, एसीत बसा, ऑक्टोबरमध्ये बघू. मला ते पटत नाहीये. मुलांची सुट्टी आत्ता आहे ना! परवा गाडीतून जाताना लांब क्षितिजावर ढगांची पांढरी रांग होती, धाकटा एकदम ओरडला आई रेनियर, आणि मग त्याचं त्यालाच कळलं आणि गप्प झाला. तिकडे रेनियर, तो बर्फाचा डोंगर, मोकळा दिसला की शाळेत बाईपण म्हणायच्या आज माउंटन आउट आहे. इथे क्षितिज सपाटच आहे, त्याला काय बघावं तेच त्याला कळत नाही.

तर प्रश्न दोन. एक, जून ते ऑगस्ट ऑस्टिनहून तंबू घेऊन कुठे जाता येईल, मुलांना झेपेल असं? दुसरा प्रश्न थोडा वेगळा आहे. मला या सुट्टीत एकदा वॉशिंग्टनला जाऊन यायचंय, मैत्रिणी आहेत, राहायची सोय आहे. नवरा म्हणतो पहिल्याच वर्षी नको, मुलं इथे रुळायला हवीत, परत गेलो तर पुन्हा रडारड. आई फोनवर म्हणते अगं ते काय तुझं माहेर आहे का इतकं झुरायला. पुण्याची आठवण आली तर सगळ्यांना समजतं, पण भाड्याच्या घरात काढलेल्या एका परक्या राज्याची आठवण येते म्हटलं की कुणाला कळतच नाही. तुमच्यापैकी कुणाला झालंय का असं?

हिलकंट्रीकर

टेक्सासमध्ये स्वागत! मी इथे बराच जुना आहे, मुलं इथेच वाढवली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या, इथला उन्हाळाच वेगळ्या वेळी येतो. तिकडे शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालते आणि सप्टेंबरमध्ये उघडते, इथे मे अखेरीला सुट्टी लागते आणि ऑगस्टच्या मध्याला शाळा सुरू. म्हणजे तुमचा लाडका ऑगस्ट अर्धा गेलाच, पण जून अख्खा मिळाला. जूनचे पहिले दोन आठवडे त्यातल्या त्यात सुसह्य असतात, ते वाया घालवू नका. जुलै-ऑगस्टचं सांगायचं तर २०२३ मध्ये ऑस्टिनला सलग ४५ दिवस पारा १०० डिग्री फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर होता. दरवर्षी असं होत नाही पण होऊ शकतं हे धरूनच प्लॅन करायचा.

उन्हाळ्यात इथे डोंगर धरून काही उपयोग नाही, पाणी धरायचं. तुमच्या घरून तासाभरात इंक्स लेक स्टेट पार्क आहे, बर्नेटच्या पुढे. गुलाबी खडक, त्याच्यामध्ये तळं, आणि त्या तळ्याची पातळी धरणामुळे बहुतेक सारखीच राहते, त्यामुळे दुष्काळातसुद्धा पोहता येतं. पाणी-वीजवाली साइट, म्हणजे तंबूची जागा, घ्या, तंबूला पण मिळते. विजेवर साधा बॉक्स फॅन लावायचा, तंबूच्या जाळीतून आत वारा सोडायचा, आणि स्लीपिंग बॅग घरी ठेवून नुसती सुती चादर. तंबू जुना पॅसिफिक नॉर्थवेस्टवाला पूर्ण बंद होणारा असेल तर त्याचा वरचा रेनफ्लाय, म्हणजे पावसाचं आवरण, काढून ठेवा, पावसाचा अंदाज नसेल तेव्हा.

गार पाणी हवं असेल तर ऑस्टिनमधलंच बार्टन स्प्रिंग्ज, जमिनीतून येणारं पाणी, बारा महिने ६८-७० डिग्री. मुलांना वॉशिंग्टनच्या तळ्यांची आठवण येईल असं गार आहे. गुरुवारी साफसफाईसाठी बंद असतं. लांब जायचं तर फ्रिओ नदीवरचं गार्नर स्टेट पार्क, तीन तास. दोन्ही काठाला सायप्रसची मोठमोठी झाडं, खाली पाणी स्वच्छ, ट्यूबवर बसून वाहत जायचं. तिथे उन्हाळ्यात रोज रात्री ज्यूकबॉक्स लावून मोकळ्या चौथऱ्यावर नाच असतो, १९४० च्या दशकापासून चालू आहे, आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत सगळे नाचतात. माझ्या मुलांना फार आवडायचं. तिथलं बुकिंग मात्र लवकर भरतं. इथे स्टेट पार्कचं रात्रीचं बुकिंग पाच महिने आधी उघडतं, दिवसाच्या प्रवेशाचं एक महिना आधी. उन्हाळ्याचे शनिवार-रविवार गेलेच समजा, पण सोमवार ते गुरुवार मिळतं, आणि रद्द झालेल्या साइट्स अचानक मोकळ्या होतात, रोज सकाळी बघत राहा. वर्षाचा पास घ्या, गाडीतल्या सगळ्यांना ८० पेक्षा जास्त पार्कांत प्रवेश फुकट.

आता एक गंभीर गोष्ट, आणि ही प्लीज मनावर घ्या. हिल कंट्रीला, म्हणजे ऑस्टिनच्या पश्चिमेच्या या डोंगराळ भागाला, फ्लॅश फ्लड अ‍ॅली म्हणतात. जमीन खडकाळ, वर माती थोडी, पाऊस मुरत नाही, सगळं पाणी एकदम नदीत येतं. २०२५ च्या ४ जुलैला ग्वाडालुपे नदीला पहाटे पूर आला, लोक झोपेत होते, शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात समर कॅम्पला आलेल्या लहान मुली होत्या. तेव्हापासून मी नदीकाठी तंबू टाकतच नाही, साइट उंचावरचीच घेतो, रात्री फोन सायलेंटवर ठेवत नाही, आणि जिथे रेंज नसते तिथे बॅटरीवरचा, हवामानाचे इशारे देणारा वेदर रेडिओ उशाशी असतो. वरच्या भागात पाऊस झाला तर तुमच्या डोक्यावर चांदणं असताना पण पूर येतो. रस्त्यावर पाणी आलं असेल तर लो वॉटर क्रॉसिंगमधून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या रस्त्यावरून, गाडी घालायची नाही, कितीही थोडं पाणी दिसलं तरी. तिकडच्या पावसाच्या सवयीने कृपया अंदाज बांधू नका.

नंदिनी_प्लेनो

आम्ही डॅलसच्या बाजूला आहोत त्यामुळे आमचं सगळं ओक्लाहोमात. बीव्हर्स बेंड स्टेट पार्क बघा, ब्रोकन बोजवळ. पाइनची झाडं आहेत आणि धरणाखालून येणारी नदी इतकी गार की त्यात ट्राउट मासे सोडतात. माझा भाऊ पोर्टलंडहून आलेला, त्याला तिथे जरा बरं वाटलं. तुम्हाला लांब पडेल, सहा तास तरी धरा, पण मोठ्या वीकेंडला करण्यासारखं आहे.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, जा गं खुशाल. तिकिटं आत्ता बघ.

ओली_माती

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण आमचं बरोब्बर उलटं आहे. आम्ही ह्यूस्टन आणि मग सॅन मार्कोसला होतो, आता सिएटलच्या पूर्वेला समामिशला आलोय, आणि मला टेक्सासची इतकी आठवण येते की इथल्या लोकांना सांगायची चोरी, सगळे म्हणतात त्या भट्टीतून सुटलीस की.

मला काय आठवतं सांगू? वादळ. एप्रिल-मेमध्ये दुपारी आकाश काळंनिळं व्हायचं, वारा पडायचा, आणि मग जो कडकडाट व्हायचा की घराच्या काचा थरथरायच्या, धो धो पाऊस, अर्ध्या तासात संपला आणि बाहेर मातीचा वास. आपला वळीव हो, अगदी आपल्या साताऱ्याकडचा वळवाचा पाऊस. इथे सिएटलला पाऊस पडतो पण तो बोलत नाही, गडगडाट वर्षातून कधीतरी. माझ्या मुलाला विजेची भीती वाटायची, आता विचारतो आई इथे वीज का नाही चमकत.

आणि काजवे! तुम्हाला हे माहीत नसेल म्हणून मुद्दाम सांगते, वॉशिंग्टनमध्ये चमकणारे काजवे नाहीतच, पश्चिमेकडच्या बहुतेक भागात नाहीत. तुमच्या मुलांनी अमेरिकेत काजवे बघितलेलेच नसणार. तुमच्याकडे मे-जूनमध्ये ओढ्याच्या काठाला, गवत जरा ओलं असेल तिथे अंधार पडायच्या सुमाराला दिसतात. आपल्याकडे भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला लोक पावसाच्या तोंडावर काजवे बघायला जातात, तोच सुमार. आत्ता मे संपतोय ना, याच आठवड्यात जा, हेडलाइट बंद, फोन बंद, आणि डोळे सरावेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं. मग काँग्रेस अव्हेन्यूच्या पुलाखालची वटवाघळं. पंधरा लाखांच्या आसपास असतात, सूर्य मावळला की पुलाखालून जी रांग निघते ती संपतच नाही. पैसे लागत नाहीत, उकाडा पण उतरलेला असतो.

आणि ब्लॅकबेरीचं दुःख कमी करायचं असेल तर हायवे २९० धरून स्टोनवॉल, फ्रेडरिक्सबर्गला जा, पीच. मे मध्य ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. काही बागांत स्वतः तोडता येतात. झाडावर उन्हाने गरम झालेलं पीच तोडून तिथेच खायचं, रस कोपरापर्यंत ओघळतो. इथे दुकानात जे मिळतं त्याला मी हात लावत नाही.

तुम्ही इकडे आलात तर मला मेसेज करा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मागच्या ट्रेलवर ब्लॅकबेरी तयार असतात. पण धुराचं बघून या. तुम्हाला २०२० चा सप्टेंबर आठवत असेलच, वणव्यांच्या धुराने मुलांना दारं-खिडक्या बंद करून घरात ठेवायला लागलं होतं. जुलै अखेर ते ऑगस्टची सुरुवात त्यातल्या त्यात बरी.

पाऊसवेडी

ओली_माती, तुमची पोस्ट मी मुलीला मोठ्याने वाचून दाखवली. चमकणारे काजवे नाहीत तिकडे हे खरंच माहीत नव्हतं! काल रात्री जेवणं झाल्यावर चौघं घराजवळच्या ओढ्याच्या ट्रेलवर गेलो. आधी काहीच नाही, धाकटा कंटाळला, डास चावायला लागले. मग मुलीने गवताच्या कडेला खाली बोट दाखवलं, एक पिवळट ठिपका वर चढत गेला आणि विझला. नंतर एकेक करत बरेच. धाकटा कुजबुजत मोजायला लागला आणि मग मोजायचं सोडून दिलं. मी लहानपणी मावळात बघितले होते, त्यानंतर काल.

हिलकंट्रीकर, पुराचं लिहिलंत ते बरं केलंत, नवऱ्याला पण वाचायला दिलं. वेदर रेडिओ मागवलाय. एक विचारायचं होतं, चूल पेटवता येते का? आम्हाला निखाऱ्यात वांगं भाजून भरीत करायची सवय आहे, मुलं त्यासाठीच येतात म्हटलं तरी चालेल.

हिलकंट्रीकर

उन्हाळ्यात काउंटीचा बर्न बॅन, म्हणजे आग पेटवायला बंदी, लागलेला असतो बऱ्याचदा, मग लाकूड आणि कोळसा दोन्ही बंद. गॅसचा स्टोव्ह बहुतेक चालतो, पण निघायच्या आधी त्या पार्कच्या पानावर बघून घ्या. वांगं स्टोव्हवर जाळी ठेवून भाजा, होतं व्यवस्थित. तसंही जूनमध्ये निखाऱ्याजवळ बसवणार नाही. भरिताचा कॅम्प डिसेंबरमध्ये करा.

शालूमावशी_नागपूर

मी सध्या मुलीकडे ह्यूस्टनला आली आहे, सहा महिने. तिनेच हे वाचायला दिलं.

पाऊसवेडी, तुझी आई विचारते ना ते काय माहेर आहे का, तर मी माझं सांगते. माझं माहेर गोव्याचं, पेडण्याचं. लग्न होऊन नागपूरला आली तेव्हा गोवा राज्य पण झालं नव्हतं, ते १९८७ ला झालं. मे महिना म्हणजे आमच्याकडे करवंदं, फणस, संध्याकाळी मोरजीला वाळूवर. आणि नागपुरात मे म्हणजे नवतपा, पंचेचाळीस डिग्री सेल्सिअस, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पहिल्या वर्षी मला सारखं वाटायचं की इथली माणसं जगतात कशी. सासूबाई फार प्रेमळ, पण त्यांनापण कळायचं नाही की हिला रोज समुद्राचं काय पडलंय, फुटाळा तलावावर नेते म्हणायच्या. जायचो आम्ही. तलाव तो तलाव.

तू तुझ्या त्या जागेला जाऊन ये. मी दर मे महिन्यात मुलांना घेऊन गोव्याला जायची, त्याने नागपूरचा राग राग कमीच झाला, वाढला नाही. जायचं ठरलेलं असलं की बाकीचे दिवस निभतात. आता माझी मुलगी गोव्याचीपण आठवण काढते आणि नागपूरच्या तर्रीपोह्यांचीपण.

आता उन्हाचं सांगते, कारण इथले लोक एसीतून एसीत जातात, त्यांना उन्हात राहायची रीत माहीत नाही. आम्ही विदर्भातले. चार-साडेचारला उठायचं, जे काय फिरायचं ते नऊच्या आत. दहा ते पाच सावलीत किंवा पाण्यात, तेव्हा काही करायचंच नाही, मुलांना ओलं फडकं डोक्यावर देऊन झोपवायचं. संध्याकाळी तंबूच्या भोवती जमिनीवर पाणी मारायचं, पार्कात पाण्याची टंचाई नसेल तरच. आम्ही गच्चीवर मारायचो आणि मग गाद्या टाकायचो. जेवण गरम नकोच. घरून दहीभात लावून न्यायचा, भातात दूध जास्त आणि दही थोडं म्हणजे आंबट होत नाही, बर्फाच्या पेटीत ठेवायचा, वरून डाळिंबाचे दाणे. कैरी उकडून तिचा गर गूळ-वेलची-मीठ घालून बाटलीत भरून न्यायचा, तिथे पाणी घातलं की पन्हं. सातूचं पीठ मिळतं इथे, तेपण ने. मुलांना नुसतं पाणी पाजू नको, मीठ-साखर जायला हवी पोटात. लघवी गडद पिवळी दिसली की समजायचं पाणी कमी पडतंय.

दगडवाटा

मावशी, साष्टांग नमस्कार, दहीभाताची टिप लिहून घेतली.

माझं मत थोडं वेगळं. इंक्स लेक, गार्नर ठीक आहे पण रात्री ८० डिग्रीच्या खाली पारा जात नाही तेव्हा सात वर्षाच्या पोराला तंबूत झोप लागणार नाही आणि पंख्याने गरम हवाच फिरते. जुलैत तंबू हवाच असेल तर पश्चिमेला जा. डेव्हिस माउंटन्स स्टेट पार्क, फोर्ट डेव्हिसजवळ, उंची पाच हजार फुटांच्या आसपास. लिएंडरहून साडेसहा-सात तासांचा रस्ता आहे, कंटाळवाणा आहे, पण रात्री पांघरूण लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे दुपारचा पाऊस येतो आणि डोंगर हिरवे होतात. जवळच मॅकडोनाल्ड वेधशाळा आहे, तिथे रात्री दुर्बिणीतून आकाश दाखवतात, त्याचं बुकिंग आधी करायला लागतं. तिकडचा अंधार म्हणजे आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. जाताना किंवा येताना बालमोरियाला थांबा, वाळवंटाच्या कडेला झऱ्याचा भलामोठा तलाव बांधलाय १९३० च्या दशकात, पाणी ७२ ते ७६ डिग्री, त्यात मासे आपल्या पायांजवळून फिरतात. पोहण्याचे गॉगल घेऊन जा.

आणि हिरवळीची फारच भूक लागली तर कोलोरॅडो बेंड पार्कमधला गोरमन धबधबा. तुमच्यापासून दोन तास. दीड मैल उजाड, सावली नसलेलं माळरान चालायचं, शेवटी दोरी-कठडे धरून निसरड्या खडकांवरून उतरायचं, आणि समोर सत्तर फूट उंच भिंत, शेवाळलेली, नेचे लटकतायत, वरून झऱ्याचं पाणी झिरपतंय. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की टेक्सासमध्ये माझं भागेल. मी ओरेगनहून आलो होतो. उन्हाळ्यात गेलात तर दार उघडतानाच आत शिरा आणि दहाच्या आत गाडीत परत या. धबधब्यात उतरू देत नाहीत, तो खडक नाजूक आहे.

गवतात बसू नका, चिगर्स नावाचे बारीक किडे असतात. डोळ्यांना दिसत नाहीत आणि मोज्यांच्या कडेला, कमरेला अशी खाज सुटते की आठवडा जातो. तंबू टाकायच्या आधी फायर अँटचं, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांचं, वारूळ बघून घ्या.

पाऊसवेडी

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. मावशी, तुमचं वाचून आईला फोन केला आणि तुमचं पेडण्याचं सांगितलं. आई थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली मला बेळगाव सोडून चाळीस वर्षं झाली तरी कुंदा बघितला की होतं तसं. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं.

ठरलंय ते असं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवार-बुधवार इंक्स लेक, रद्द झालेली साइट सकाळी मिळाली, पाणी-विजेची, उंचावरची. डेव्हिस माउंटन्स जुलैच्या मध्याला, नवऱ्यालाच दुर्बिणीचं जास्त वेड लागलंय. आणि जुलै अखेरीला मी आणि मुलं वॉशिंग्टन, नवरा शेवटच्या चार दिवसांसाठी येणार म्हणतो. ओली_माती, मेसेज करते, पीच आणले तर चालतील का विमानातून, की वाटेत लगदा होईल?

ओली_माती

विमानात चालतील, पण बाहेरची फळं वॉशिंग्टनमध्ये आणू देतात का ते आधी बघून घ्या! थोडे कच्चे घ्या, हाताला टणक लागणारे, एकेक कागदात गुंडाळून कडक डब्यात आणि डबा हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये टाकू नका. माझ्यासाठी सहा पुरेत. आणि तुमच्या मुलीसाठी ब्लॅकबेरीच्या बादल्या धुवून ठेवते.